चोवीस नावांतून पाच: जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या तुलनेत कोणाला बसवायचे, याचे एक प्रकरण

परिस्थिती अशी धरू. सहा डेव्हलपरांची टीम आहे. चालू प्रणाली अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कमध्ये (ब्राउझरमधली अ‍ॅप बांधायच्या तयार सांगाड्यात) लिहिलेली आहे आणि अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपलेला आहे. प्रणालीचे दोन भाग आहेत. एक, सगळ्यांना उघडी असलेली माहितीची पाने. त्यांचे साचे मोजून सात. दुसरा, लॉगिनच्या मागे अर्ज, तपासणी आणि मंजुरीचे ६४ स्क्रीन. एपीआय (सर्व्हरकडे माहिती मागायचा मार्ग) तयार आहे, तो जेसन (माहितीची साधी मजकुरी मांडणी) देतो आणि त्याला हात लावायचा नाही. नवी प्रणाली किमान सात वर्षे चालवायची आहे. कोणते फ्रेमवर्क घ्यावे हे सांगण्यासाठी दोन जणांना तीन आठवडे मिळाले आहेत.

पहिल्या बैठकीत फळ्यावर चोवीस नावे येतात: रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, अँग्युलरजेएस, व्ह्यू, स्वेल्ट, सॉलिड, प्रिअ‍ॅक्ट, क्विक, एम्बर, बॅकबोन, जेक्वेरी, लिट, अल्पाइन, एचटीएमएक्स, नेक्स्ट, नक्स्ट, स्वेल्टकिट, रीमिक्स, अ‍ॅस्ट्रो, एक्सप्रेस, नेस्ट, व्हीट, टेलविंड आणि रिडक्स.

तुलना बहुतेक वेळा याच फळ्यावर बिघडते. गुण, वजने, चाचण्या यांवर पुढे कितीही मेहनत घेतली तरी यादीत चुकीची नावे असतील, किंवा बरोबर नावे चुकीच्या रूपात असतील, तर निकालाला अर्थ राहत नाही. म्हणून यादी ठरवणे हे तुलनेच्या आधीचे किरकोळ काम नव्हे. तुलनेचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी दिवस मोजले

दोन माणसे, पंधरा कामाचे दिवस, म्हणजे ३० मनुष्यदिवस. यादी गाळायला ४, चाचणीचे सामायिक साहित्य तयार करायला ३, अहवालाला ३. उरले २०. एका पर्यायात ठरलेला नमुना बांधायला ३ दिवस आणि मोजायला १ दिवस लागतो, असा हिशेब धरला की पाच जागा मिळतात. सहावी नाही.

हा आकडा नावांकडे बघण्याआधी काढायचा असतो. नंतर काढला की तो आवडत्या नावांच्या संख्येइतकाच निघतो.

थर लावणे

एक्सप्रेस आणि नेस्ट ही सर्व्हरवर चालणारी फ्रेमवर्क. एपीआय तयार असल्याने हा प्रश्नच या प्रकरणात नाही, दोन्ही बाहेर. इथे एक खबरदारी: नेक्स्ट, नक्स्ट आणि नेस्ट ही तीन नावे बोलताना एकसारखी ऐकू येतात. नेक्स्ट रिअ‍ॅक्टवर उभे आहे, नक्स्ट व्ह्यूवर, आणि नेस्टचा या दोघांशी संबंध नाही. तोंडी चर्चेत या तिघांची अदलाबदल होऊन चुकीच्या नावावर एकमत होऊ शकते. नाव काढताना त्याच्यासोबत त्याचा थर बोलायचा, एवढी सवय पुरते.

व्हीट हे बांधणीचे साधन, टेलविंड ही सीएसएसची व्यवस्था, रिडक्स ही स्टेट, म्हणजे अ‍ॅपची चालू माहिती, सांभाळणारी लायब्ररी. तिन्ही बाहेर. व्हीट मात्र थोड्या वेळात वेगळ्या दाराने परत येणार आहे.

उरली १९. आता खरी अडचण. रिअ‍ॅक्ट स्वतःला लायब्ररी म्हणवते आणि ते खरे आहे: तिच्यात राउटर (पत्त्यानुसार स्क्रीन बदलणारा भाग) नाही, फॉर्मची तपासणी नाही, सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत नाही. अँग्युलरमध्ये हे तिन्ही घरचे आहे. ‘रिअ‍ॅक्ट विरुद्ध अँग्युलर’ अशी ओळ मांडली की आकाराच्या रकान्यात रिअ‍ॅक्ट हलके दिसते, कारण त्याचे उरलेले सामान कोणी वजनकाट्यावर ठेवलेलेच नसते. सुविधांच्या रकान्यात तेच अपुरे दिसते, त्याच कारणाने. दोन्ही निष्कर्ष फसवे.

त्यामुळे या तुलनेची ओळ नावाची नाही, संचाची आहे. दृश्य थर (पडदा रंगवणारा भाग), राउटर, स्टेट, फॉर्म, बांधणीचे साधन आणि सर्व्हरवर पान तयार करायची गरज असेल तर तेही, असे सगळे लिहून ओळ पूर्ण होते. एखादी जागा रिकामी राहिली तर ती ओळ तुलनेला तयार नाही.

प्रश्न एक आहे की दोन?

संच लिहायला बसल्यावर लक्षात येते की सर्व्हरवर पान तयार करणे हवे आहे की नको, याचे उत्तर एकच येत नाही. माहितीच्या पानांना ते हवे: शोधयंत्रांनी वाचावीत, साध्या फोनवर पटकन उघडावीत. लॉगिनमागच्या ६४ स्क्रीनना त्याचा जवळजवळ उपयोग नाही. तिथे काम करणारा माणूस रोज तेच स्क्रीन उघडतो, फायली ब्राउझरच्या साठ्यात आधीच असतात, आणि त्याचा वेळ पान उघडण्यात नाही तर तक्ते चाळण्यात आणि फॉर्म भरण्यात जातो.

दोन्ही गरजा एका यादीत कोंबल्या की अ‍ॅस्ट्रोसारखे नाव अर्ध्या रकान्यांत उत्तम आणि अर्ध्यांत अगदीच उणे दिसते. सरासरी काढली की मध्यम. अ‍ॅस्ट्रो मध्यम नाही. ते मजकुराच्या पानांसाठी घडवलेले आहे. पान साधे एचटीएमएल म्हणून पाठवायचे आणि जिथे हालचाल लागते तेवढ्याच बेटावर जावास्क्रिप्ट, हा त्याचा पाया. शिवाय त्या बेटांवर रिअ‍ॅक्ट, व्ह्यू किंवा स्वेल्टचे घटक चालतात, म्हणजे ते त्यांचे सरळ प्रतिस्पर्धीही नाही.

म्हणून प्रश्न फोडला. सात साच्यांची पाने वेगळी, त्यांच्यासाठी वेगळी छोटी यादी. अ‍ॅस्ट्रो तिकडे गेले. मुख्य तुलना ६४ स्क्रीनची.

या एका निर्णयाने संच बदलतात, आणि या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच. सर्व्हरवर पान तयार करण्याची अट गेली की नेक्स्ट आणि नक्स्ट यांचा मुख्य फायदा या प्रश्नापुरता उरत नाही. त्यांच्यासोबत येणारी सर्व्हर चालवण्याची जबाबदारी मात्र उरते. क्विकचेही तसेच. सर्व्हरवर झालेले काम ब्राउझरमध्ये पुन्हा न करता तिथूनच पुढे चालू करायचे, ही त्याची मूळ कल्पना पहिल्या भेटीचा वेळ वाचवते, आणि इथे पहिली भेट हा प्रश्न नाही. तिघे बाहेर. रिअ‍ॅक्टचा संच आता रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट राउटर आणि व्हीट असा झाला. व्हीट परत आले, पण स्पर्धक म्हणून नाही, संचातला भाग म्हणून.

रीमिक्सची स्वतंत्र ओळ इथेच मिटते: नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट राउटर ७ मध्ये त्याची वैशिष्ट्ये सामावली गेली. स्वेल्टकिट स्वेल्टच्या ओळीत गेले. राउटर त्यातच आहे आणि केवळ ब्राउझरमध्ये चालणारे अ‍ॅप म्हणूनही ते बांधता येते. १९ मधून आता १३ राहिली.

एका दृश्य थराला एकच ओळ, हा नियम इथे पाळला आहे. रिअ‍ॅक्टचे तीन वेगवेगळे संच तीन ओळींत ठेवले असते तर पाचपैकी तीन जागा एकाच कुटुंबाच्या झाल्या असत्या. मग निकाल काहीही लागला तरी शक्यतेच्या हिशेबानेच तो रिअ‍ॅक्टकडे झुकला असता.

आवृत्ती हा नावाचाच भाग

‘व्ह्यू’ ही ओळ अपुरी आहे. ‘व्ह्यू ३’ ही ओळ आहे. व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, तरी त्यावर लिहिलेले धडे आणि उत्तरे शोधात अजून वर येतात. स्वेल्टचे तसेच: ऑक्टोबर २०२४ च्या स्वेल्ट ५ मध्ये बदल टिपण्याची लिखाणाची पद्धतच नवी झाली, त्यामुळे आधीच्या आवृत्त्यांवर बेतलेले मत, चांगले असो वा वाईट, या ओळीला लागू करता येत नाही. रिअ‍ॅक्टच्या जुन्या तुलनांमध्ये क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे सुरुवातीचे साधन धरलेले असते. नव्या कामासाठी ते वापरू नये असे रिअ‍ॅक्टच्या टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. असे मोजमाप आयते मिळाले तरी टाकून द्यायचे.

अँग्युलरजेएस आणि अँग्युलर ही नावे सारखी असली तरी प्रणाली वेगळ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेले अँग्युलर २ हे नव्याने लिहिलेले फ्रेमवर्क होते. चालू प्रणाली अँग्युलरजेएसमध्ये आहे म्हणून अँग्युलरवर जाणे सोपे पडेल, या समजावर बैठकीत लगेच माना डोलतात. साचे, घटक, मॉड्यूल यांची मांडणी वेगळी असल्याने ६४ स्क्रीन पुन्हा लिहावेच लागतात. अँग्युलरला या नात्याचा एकही गुण द्यायचा नाही, आणि एकही कापायचा नाही.

अँग्युलरजेएस उमेदवार म्हणून बाहेर. पण त्यातला चालू स्क्रीन चाचणीच्या वेळी मोजायचा. ‘आज काय आहे’ हा आकडा शेजारी नसेल तर नव्या आकड्यांतले चांगले-वाईट ठरवता येत नाही. १२ उरली.

पुढची गाळणी भरभर होते. प्रिअ‍ॅक्ट रिअ‍ॅक्टचीच लिखाणपद्धत लहान आकारात देते, म्हणून त्याची वेगळी ओळ नाही, रिअ‍ॅक्टच्या ओळीत टीप. लिट ब्राउझरच्या स्वतःच्या घटक-व्यवस्थेवर उभे आहे. अनेक फ्रेमवर्कमध्ये चालणारी बटणे आणि चौकटी बनवायला ते उत्तम, पण राउटर आणि बाकीची मांडणी आपणच जमवायची, आणि इथे ६४ स्क्रीन आहेत. जेक्वेरी २००६ पासून असंख्य साइट्सवर आहे. पण मोठ्या अ‍ॅपची रचना देणे हे तिचे काम कधीच नव्हते. बॅकबोनने २०१० मध्ये रचना दिली, तरी डेटा बदलल्यावर पडदा बदलणे तिथे हातानेच करावे लागते.

एचटीएमएक्सचे कारण वेगळे आणि ते नीट लिहून ठेवण्यासारखे. एचटीएमएक्स सर्व्हरकडून एचटीएमएलचे तुकडे मागते. इथला एपीआय जेसन देतो आणि तो बदलायचा नाही. म्हणजे मध्ये जेसनचे एचटीएमएल करणारा आणखी एक सर्व्हर बांधावा लागेल. एपीआय आपल्या हातात असता तर फॉर्मांनी भरलेल्या या कामात एचटीएमएक्स पहिल्या पाचांत आले असते. ते कमी पडले म्हणून नाही, आपल्या अटीमुळे बाहेर गेले.

सात उमेदवार, पाच जागा

रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू, स्वेल्ट, सॉलिड, एम्बर, अल्पाइन. इथपर्यंत सगळे कारणांनी झाले. इथून पुढे लोक आकड्यांकडे धावतात, म्हणून ते आकडे काय मोजतात ते बघू.

एनपीएमवरची (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरची) डाउनलोड संख्या माणसे मोजत नाही, फायली किती वेळा दिल्या ते मोजते. आपोआप चालणारी बांधणी दिवसात चाळीस वेळा नव्याने पॅकेज उतरवत असेल तर त्या चाळीस नोंदी. दुसऱ्या पॅकेजने ओढून आणलेलेही त्यात येते. रिअ‍ॅक्टच्या आकड्यात रिअ‍ॅक्ट नेटिव्हची मोबाइल अ‍ॅपही मोजली जातात, कारण त्यांना तेच मूळ पॅकेज लागते. व्ह्यूच्या २ आणि ३ या दोन्ही आवृत्त्या एकाच पॅकेज नावाखाली आहेत, तर अँग्युलरजेएस आणि अँग्युलर दोन वेगळ्या नावांखाली. एका आलेखावर या तीन रेषा काढल्या तर त्या तीन वेगळ्या गोष्टी दाखवतात.

गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) पसंती म्हणून दिलेले तारे साठत जातात; प्रकल्प थंडावला म्हणून कोणी दिलेला तारा सहसा काढून घेत नाही. व्ह्यू २ आणि ३ चे कोड दोन वेगळ्या भांडारांत असल्याने तारेही दोन ठिकाणी वाटलेले आहेत. सर्वेक्षणांत ज्यांना नव्याची आवड आहे असे लोक जास्त उत्तरे देतात. या तिन्हींवरून निर्णय घेणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

लोकप्रियता या यादीत फक्त उंबरठा म्हणून वापरली आहे: अडचण आली तर उत्तर देणारी माणसे आहेत का, आणि नवा माणूस घ्यायचा झाला तर मिळेल का. उंबरठ्याच्या वर कितीही उंची असली तरी जादा गुण नाही.

त्याऐवजी चार गोष्टी तपासल्या. गेल्या बारा महिन्यांत आवृत्त्या निघाल्या का. आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा हक्क एकापेक्षा जास्त लोकांकडे आहे का. सुरक्षेच्या त्रुटी कळवायची आणि दुरुस्त करायची लिखित पद्धत आहे का. जुन्या आवृत्तीला किती काळ आधार मिळेल हे आधी सांगितलेले आहे का.

एम्बरवर इथे अन्याय होतो तो टाळायचा. ‘ते आता संपले’ असे म्हणून त्याला खोडणे चूक आहे: त्याच्या आवृत्त्या ठरल्या वेळापत्रकाने निघतात आणि दीर्घ आधाराच्या आवृत्त्याही आहेत. या चार तपासण्यांत एम्बर इतर काही नावांपेक्षा वर बसते. ते बाहेर गेले ते माणसांच्या उंबरठ्यावर: सहापैकी कोणालाही ते येत नाही आणि सात वर्षांत टीममधली माणसे बदलणार. नोंदीत हेच कारण लिहायचे, दुसरे नाही.

सॉलिड वगळताना जीव खरोखर अडखळतो. बदललेल्या मूल्यापुरताच पडदा बदलायचा ही त्याची रीत इतरांनीही आपापल्या परीने जवळ केली. अँग्युलरमध्ये मे २०२३ च्या १६ व्या आवृत्तीपासून सिग्नल आले, स्वेल्ट ५ मध्ये रून्स; दोन्ही याच रीतीची रूपे. पण पाचांत ‘हलका, कंपाइलरवर भर देणारा पर्याय’ ही जागा एकच आहे. स्वेल्टकिट १.० डिसेंबर २०२२ मध्ये आले, सॉलिडचे त्याच कामाचे सॉलिडस्टार्ट १.० मे २०२४ मध्ये. सात वर्षांच्या कामात संच जास्त मुरलेला हवा, म्हणून जागा स्वेल्टला.

अल्पाइन मात्र आत, आणि यावर वाद होतो. ६४ स्क्रीन त्यात कोणी बांधणार नाही. ते आहे पायाची ओळ म्हणून: साधे एचटीएमएल, ब्राउझरच्या घरच्या सोयी आणि वर थोडे अल्पाइन. फ्रेमवर्क नेमके काय विकत घेऊन देते हे या ओळीशिवाय दिसत नाही.

चाचणीचा नमुना यादीवर उलट परिणाम करतो

नमुना असा: १,००० ओळींचा तक्ता, त्याची गाळणी (फिल्टर) पानाच्या पत्त्यात जपलेली, म्हणजे मागे गेल्यावर ती तशीच राहिली पाहिजे, २५ रकान्यांचा तीन टप्प्यांचा फॉर्म, काही रकाने आधीच्या उत्तरावर अवलंबून, सर्व्हरकडून आलेल्या चुका त्या त्या रकान्याखाली, फाइल चढवणे, आणि फॉर्म अर्धा असताना लॉगिनची मुदत संपणे. शेवटची बाब बहुतेक नमुन्यांत नसते, आणि राउटर व स्टेट यांचा सांधा कच्चा असेल तर तो नेमका तिथेच उघडा पडतो.

आयत्या वेग-चाचण्यांपैकी जेएस फ्रेमवर्क बेंचमार्क उपयोगी आहे, पण त्यात ‘की असलेली’ आणि ‘की नसलेली’ असे दोन गट आहेत, आणि त्यांचे आकडे एका रकान्यात मिसळायचे नसतात. की म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतःची ओळख. फरक असा. तक्त्यात पाच ओळी आहेत, प्रत्येकीत संख्येची चौकट. तिसऱ्या ओळीत कोणी ‘४०’ टाइप केले, ते अजून डेटात गेलेले नाही, आणि मग दुसरी ओळ काढून टाकली. की असेल तर फ्रेमवर्क दुसऱ्या ओळीचाच घटक काढते आणि ‘४०’ आपल्या ओळीबरोबर वर सरकते. की नसेल तर ते शेवटचा घटक काढते आणि उरलेल्यांतला मजकूर बदलते. नाव वर सरकले, पण ‘४०’ तिसऱ्या चौकटीतच राहिले आणि आता ते दुसऱ्याच नोंदीपुढे दिसते. मंजुरीच्या तक्त्यात हा दोष पैशांचा किंवा हक्कांचा गोंधळ करतो. की नसलेली पद्धत काही कामांत वेगवान ठरते, पण या प्रकरणात तिचा आकडा बघायचाच नाही. अँग्युलरने १७ व्या आवृत्तीपासूनच्या नव्या लूपमध्ये ओळीची ओळख सांगणे सक्तीचे केले आहे. रिअ‍ॅक्ट इशारा देते. स्वेल्टमध्ये ती ऐच्छिक आहे, म्हणून स्वेल्टच्या ओळीत ‘तपासणी नियम हवा’ अशी टीप जाते.

दुसरी गोष्ट सात वर्षांची. अँग्युलरची मुख्य आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिला १८ महिने आधार असतो. सात वर्षांत सुमारे १४ मुख्य आवृत्त्या, एकेक पायरी चढत. रिअ‍ॅक्ट १८ मार्च २०२२ मध्ये आले, १९ डिसेंबर २०२४ मध्ये. व्ह्यू ३ सप्टेंबर २०२० पासून आहे. संख्या बघून अँग्युलरला उणे देणे घाईचे ठरेल. लहान, आधी ठाऊक असलेल्या पायऱ्या बजेटमध्ये बसवता येतात, क्वचित येणारी मोठी उडी बसत नाही. म्हणून प्रत्येक संचात नमुन्याचा एक स्क्रीन मागच्या मुख्य आवृत्तीत लिहून अधिकृत मार्गाने वर आणायचा आणि लागलेले तास नोंदवायचे. अल्पाइनलाही ही चाचणी द्यायची.

वजने चाचणीच्या आधी ठरवून सही करून ठेवायची. नंतर ठरवली तर ती वरातीमागून घोडे. आणि एचटीएमएल, सीएसएस, खोटा (चाचणीपुरती ठरलेली उत्तरे देणारा) सर्व्हर हे सगळ्यांना एकच द्यायचे. नाहीतर पाचवा नमुना बांधताना हात बसलेला असतो आणि तो पर्याय सोपा वाटतो. दोघांनी संच उलटसुलट क्रमाने घ्यायचे ते याचसाठी.

वगळल्याची वही

प्रत्येक वगळलेल्या नावाला एक नोंद: आवृत्ती, तारीख, कोणत्या दारात अडले, कारण एका वाक्यात, आणि पुन्हा कधी विचार करायचा. दोन नोंदी अशा दिसतात.

‘एचटीएमएक्स. दार: एपीआय. जेसनचे एचटीएमएल करणारा मधला सर्व्हर लागेल. पुन्हा विचार: एपीआय बदलायची मुभा मिळाली तर.’

‘सॉलिड. दार: जागा. हलक्या पर्यायाची एकच जागा, संच जास्त मुरलेला म्हणून स्वेल्टला. पुन्हा विचार: तक्त्यांत सेकंदाला अनेकदा बदलणारी माहिती दाखवायची ठरली तर सर्वांत आधी.’

कारणात ‘लोकप्रिय नाही’, ‘जुने वाटते’ असे शब्द आले तर ती नोंद परत लिहायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी यादी बंद होते: अँग्युलर; रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट राउटर आणि व्हीट; व्ह्यू ३, व्ह्यू राउटर आणि पिनिया (व्ह्यूची स्टेट सांभाळणारी लायब्ररी); स्वेल्ट ५ आणि स्वेल्टकिट; अल्पाइन. रिअ‍ॅक्टच्या ओळीत फॉर्मची जागा त्या दिवसापर्यंत रिकामी राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण पर्याय पुष्कळ. ती भरल्याशिवाय यादीवर सही करायची नाही. सहीनंतर कोणी नवे नाव आणले, मग ते कितीही वरच्या पदावरून आलेले असो, तर एकच प्रश्न विचारायचा: पाचपैकी कोणाच्या जागी? उत्तर मिळाले तर चार दिवस आणि वहीत एक नवी नोंद. नाही मिळाले तर ते नाव तारखेसह वहीत जाते.